प्रत्येक झटक्याला एक चिठ्ठी

१

हेडसाहेबांचं डोकं मागून फोडलं होतं. एकदा नाही, सहा वेळा. पहिल्या घावातच माणूस संपला असणार, असं डॉक्टरांचं म्हणणं. पुढचे पाच नुसते राग काढायला. भिंतीवर पुरुषभर उंचीपर्यंत रक्त उडालं होतं, आणि त्याच भिंतीला लागून तीन रांगांत मांडलेले तीस कॉम्प्युटर दर दीड मिनिटाला बंद पडत होते, पुन्हा चालू होत होते. प्रेत उचलेपर्यंत कुणाला मुख्य स्विच बंद करायचं सुचलं नाही.

हे सगळं मी फोटोंत पाहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, पोलीस ठाण्यात. गेली बारा वर्षं मी माझ्या दुकानात बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या गेलेल्या फाइली काढून देते. पोलिसांना कुणाच्या फुटक्या मोबाइलमधून काही हवं असलं की त्यांनाही मीच लागते. तोंडाने फटकळ आहे, पण हात चांगला आहे, म्हणून माझं चालतं.

"हा पाना बघा," इन्स्पेक्टरने एक फोटो पुढे सरकवला. दोन फुटी लोखंडी पाना, टोकाला केस चिकटलेले. "ओळखलात?"

ओळखला नसता तर फार बरं झालं असतं. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती मीच गुंडाळून दिली होती, माझा धाकटा भाऊ हेडसाहेबांच्या कॉम्प्युटर-तपासणी केंद्रात वायरमन म्हणून लागला तेव्हा.

"आदल्या दिवशी त्याने हेडसाहेबांची कॉलर धरली होती. 'एक दिवस तुम्हालाच या वायरीला जोडतो,' असं बोलला, चार जणांनी ऐकलं. त्याचा रक्ताने भरलेला कोट जनरेटरमागे सापडला. खुनाच्या वेळी कुठे होतास विचारलं, तर म्हणतो गच्चीवर, डोकं थंड करत. एकटाच."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"भाऊ तुमचा आहे म्हणूनच. उद्या सकाळी त्याला कोर्टात उभा करायचाय. केंद्राच्या फाइलींत त्याच्या बाजूचं काही असेल तर तुम्ही जिवाचं रान करून शोधाल. तुम्हाला सापडलं नाही, म्हणजे नाहीच. मग मी निर्धास्त."

तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं. ओरडणं अर्ध्यात तुटलं, मग परत आलं. तो आवाज मी भाऊ पाळण्यात असल्यापासून ओळखते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावरचा काचेचा ग्लास उचलून मी त्या भिंतीवर फेकला. काचा इन्स्पेक्टरच्या खांद्यावर उडाल्या. त्याने त्या शांतपणे झटकल्या आणि म्हणाला, "अजून सही केलेली नाही त्याने. संध्याकाळपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

आता एक खरं सांगते, कारण लपवून काही उपयोग नाही. सहा वर्षांपूर्वी याच भावाने माझ्या नवऱ्याचा जबडा मोडला होता. नवरा मला मारायचा म्हणून मोडला, आणि तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं. पण मी समोर उभी होते. पहिल्या ठोशात नवरा खाली पडला होता. पुढचे नुसते राग काढायला होते.

२

केंद्राची इमारत बाहेरून एखाद्या दवाखान्यासारखी स्वच्छ. आत कामच मारायचं. डिस्कवर कुठली गोष्ट कुठे ठेवायची आणि परत कशी शोधायची याची जी पद्धत असते, तिला फाइल सिस्टीम म्हणतात; आणि अशा तीन पद्धतींपैकी भरवशाची कुठली, हे इथे ठरवत होते. कसं ठरवायचं? मशीन लिहीत असताना मध्येच वीज तोडायची. हजारदा, दहा हजारदा. मशीन परत उठल्यावर फाइली शाबूत आहेत का ते बघायचं. त्या खोलीला सगळे झटका-खोली म्हणत. माझा भाऊ हे झटके देणारी यंत्रणा सांभाळायचा.

जिंकेल ती पद्धत इस्पितळांतल्या श्वास देणाऱ्या मशीनमध्ये बसणार होती. निकाल हेडसाहेब खुनाच्याच दिवशी बारा वाजता सांगणार होते.

तिन्ही पद्धतींना केंद्रात टोपणनावं होती. 'भोळी' सगळ्यांत जुनी. बाजारातल्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये बहुतेक हीच असते. जागच्या जागी लिहिते, मध्येच वीज गेली तर अर्धं लिहिलेलं तसंच. 'वहीवाली' आधी एका वहीत टिपते की मी आता अमुक करणार आहे, मग करते. वीज गेली तर वही बघून पुढे चालू. आणि 'संशयी' जुन्या पानाला हातच लावत नाही; नव्या पानावर लिहिते, त्यावर खूण करते आणि वाचताना ती खूण परत पडताळते. तिचा डिस्कवरसुद्धा विश्वास नसतो.

दारातच इन्स्पेक्टरने मला अडवलं. "इथे एक नियम आहे. झटका बसला, मशीन उठली, की त्या रांगेच्या माणसाने स्वतःच्या टेबलावरून एक चिठ्ठी लिहायची. छोटी फाइल. उठली की पडली, काय गेलं, काय राहिलं. प्रत्येक झटक्याला एक चिठ्ठी. हेडसाहेब अकरा दहाला झटका-खोलीत शिरले, अकरा चाळीसला मेलेले सापडले. त्या अर्ध्या तासात तिन्ही माणसांच्या एकोणीस-एकोणीस चिठ्ठ्या आहेत, दर दीड मिनिटाला एक, वेळेसकट. म्हणजे तिघंही आपापल्या टेबलाशी होती. चिठ्ठी नसलेला एकच माणूस आहे."

"वायरमन कशाला चिठ्ठी लिहील?"

"तेच तर म्हणतोय."

चिठ्ठ्या ज्या मोठ्या साठ्यावर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक डिस्कवर, होत्या तो मला हवा होता. तिथे फाइल आली कधी, हलली कधी, सगळं कळलं असतं. पण तो कोरा होता! रोज संध्याकाळी दिवसाची बेरीज काढून साठा कोरा करायचा, ही केंद्राची रीत, आणि खुनाच्या दिवशीही ती कुणी थांबवली नव्हती. हवालदाराने त्याआधी सगळं पोलिसांच्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं, आणि त्या उतरवण्यात आतल्या बाकीच्या नोंदी गेल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीची शेवटची लिहिल्याची वेळ तेवढी उरली होती.

"कुठल्या गाढवाने हे असं उतरवलं?" मी ओरडले.

हवालदार कानकोंडा झाला. "मला काय कळतंय यातलं, बाई? इथल्याच लोकांनी मदत केली."

भावाला सोडवायला माझ्या हातात सत्तावन्न चिठ्ठ्या होत्या, आणि प्रत्येकीवर एकच वेळ.

३

पहिली आली भोळीची बाई. केस बॉबकट, म्हणून सगळे तिला बॉबकटच म्हणत. डाव्या भुवईवर तीन ताजे टाके.

"हे हेडसाहेबांचं काम," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात कीबोर्ड फेकून मारला. भोळीच्या रांगेत पाच मशीन एकदम पडल्या, तर म्हणे तू हलगर्जी आहेस. अहो, भोळी पडणारच! तिला कशाला मारता, मला कशाला मारता? मेला त्याचं मला काडीचं वाईट वाटलेलं नाही, लिहून घ्या."

"ते पोलीस लिहितील. खोलीत जाताना तुम्हीच पाहिलं ना त्यांना?"

"हो. अकरा दहा. हातात नुसती वही आणि पेन. म्हणाले, आज मी स्वतः मोजणार आहे. कुणाची रांग, ते बोलले नाहीत. मागून दार लावून घेतलं."

"तुमच्या भावाने केलं नाही असं म्हणायला आलात का?" असंही तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती बोलत राहिली. "पोरगा तापट आहे, पण मला टाके पडले तेव्हा दवाखान्यात त्यानेच नेलं. हेडसाहेबांशी भांडला तोही आमच्यासाठीच. झटके दीड मिनिटाऐवजी चाळीस सेकंदांवर आणा म्हणत होते ते. वायरी तापून कुणीतरी चिकटून मेलं असतं."

हवालदाराने तेवढ्यात एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. धुण्याच्या जागेतल्या बेसिनच्या जाळीत सापडलेला चुरा. पेन ड्राइव्ह होता तो, टाचेखाली चिरडलेला. आतली चिप दोन तुकडे झालेली. माझ्यासारखीलाही त्यातून काही काढता आलं नसतं.

बॉबकटचा चेहरा पांढराफटक पडला. इमारतीत पेन ड्राइव्ह फक्त तिच्या टेबलावर असत. भोळी राहते त्यांच्यातच.

"माझा नाही," ती म्हणाली. "माझे मोजलेले आहेत. चाळीसच्या चाळीस आहेत. मोजा ना!"

मोजले. चाळीस होते. पण एक्केचाळिसावा घरून येताना आणायला कुणाची बंदी होती?

४

संशयीचा माणूस तिशीचा, जाड भिंगांचा. त्याचं नाव चष्मिस. प्रेत पहिल्यांदा त्यानेच पाहिलं.

"मी त्यांना उलटं केलं," तो म्हणाला. त्याची नखं अजून कडेला तांबडी होती. "वाटलं, श्वास चालू असेल. तोंड उघडं होतं आणि दात... दात जमिनीवर होते."

"तुमचं त्यांच्याशी कसं होतं?"

"संशयी हळू आहे म्हणून माझी रांग काढून टाकणार होते. मी पाया पडलो. खरंच पडलो. हळू आहे, पण खोटं बोलत नाही. बाकीच्या दोघी बिघडलेली फाइलसुद्धा चांगली म्हणून हातात ठेवतात."

बॉबकट दारात उभी होती. "तू खोटं बोलत नाहीस होय? मग सांग ना, अकरा वीसला तू खुर्चीत नव्हतास! मी मान वर केली तर खुर्ची रिकामी!"

"पाणी प्यायला गेलो होतो!"

"रक्त धुवायला गेला असशील!"

पुढचं फार पटकन झालं. चष्मिसने तिच्या अंगावर खुर्ची ढकलली, तिने त्याचा चष्मा ओढून खाली आपटला आणि त्याच्या गालावर नखं मारली. हवालदार मध्ये पडला तर त्यालाच कोपर लागलं, नाकातून रक्त. मी दोघांच्या मध्ये उभी राहून एकेकाला मुस्काटात ठेवून दिली. नंतर लाज वाटली, पण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

"बसा!" मी म्हणाले. "तुमच्यातला एक खुनी असेल तर त्याला फासावर जायचंय, आणि नसेल तर माझा भाऊ जाईल. मला ओरडायला जागा नाही आणि तुम्ही कसले ओरडताय?"

दोघं बसली. पण मी एक वाक्य खोटं बोलले होते. 'तुमच्यातला एक खुनी असेल' यावर माझाच विश्वास बसत नव्हता. डोळे मिटले की मला पाना दिसायचा, निळ्या पट्टीचा, आणि तो धरणारा हात ओळखीचा असायचा.

५

तिसरे काका. साठीचे, केंद्रात सगळ्यांत जुने, आवाज मऊ. वहीवाली त्यांच्या हाताखालची. त्यांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"पोराचं फार वाईट झालं," ते म्हणाले. "नोकरीसाठी मीच शब्द टाकला होता त्याच्यासाठी. पण राग, बेटी. राग माणसाला खातो. परवा कॉलर धरली तेव्हाच मला धडगत दिसेना."

माझे डोळे भरून आले. सकाळपासून माझ्याशी कुणी इतकं प्रेमाने बोललं नव्हतं.

"तुम्ही चिठ्ठ्या लिहीत होतात?"

"एकोणीस. दार लावून, टेबलाशी. वहीवालीला अठरा वर्षं दिली मी. एका चिठ्ठीतही पडल्याची नोंद नाही, बघ हवं तर. आठ दिवसांत एकदाही नाही."

"आणि हा पेन ड्राइव्हचा चुरा?"

त्यांनी पिशवीकडे ओझरतं पाहिलं. तोंड वाकडं केलं. "भोळी! मी तिला काठीनेसुद्धा शिवत नाही. अठरा वर्षांत कधी वापरली नाही, कधी अभ्यासली नाही. कशाला अभ्यासायची? माझ्या चिठ्ठ्या कीबोर्डावरून सरळ साठ्यावर जातात. इथे पेन ड्राइव्हचं काम एकाच टेबलावर चालतं." त्यांनी पिशवी बाजूला सारली. "पण मी कुणाचं नाव घेणार नाही."

"हवालदाराला उतरवायला तुम्ही मदत केलीत?"

"केली. वेळेसकट उतरव म्हटलं. फाइल हलवायची तर तिची वेळ जपून हलवायची, हा या जागेचा नियम मीच घातलाय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चहा पाठवतो तुला. काही खाल्लं नसशील."

ते गेले. मी चिठ्ठ्या उघडल्या आणि एकटी वाचत बसले. दुपारचे तीन वाजले होते.

६

चिठ्ठ्यांतला मजकूर एकदम साधा. बॉबकटच्या भाषेत शिव्या होत्या. 'पडली. सात फाइली गेल्या. कपाळ माझं.' चष्मिसचं लांबण: 'उठायला उशीर, पण एक पान खराब असल्याचं स्वतःहून सांगितलं.' काकांचं नेटकं: 'उठली. शाबूत.' उठली, शाबूत. उठली, शाबूत. एकोणीस वेळा.

मी मजकूर सोडला आणि वेळांकडे वळले. एरवी पडद्यावर तास आणि मिनिटंच दिसतात. मी सेकंद उघडले, आणि सेकंदांच्या खालचे अपूर्णांकही. बॉबकट: एकवीस, सत्तेचाळीस, आठ, तेहतीस. कधी सम, कधी विषम, आणि पुढे अपूर्णांकांची लांब शेपटी. माणसाने हाताने लिहून साठवलेलं असंच असणार. बोट कुठल्या सेकंदाला पडेल ते कोण ठरवतं? चष्मिसचंही तसंच. अकरा वीसच्या सुमाराला तो सव्वा मिनिट मागे पडला होता, म्हणजे पाणी प्यायला खरंच गेला असणार. बापडा.

मग काकांची यादी. चार. छत्तीस. दहा. बावन्न. अठरा. चव्वेचाळीस.

मी खाली सरकत गेले. वीस. अठ्ठावन्न. सहा. सगळे सम. एकोणीसच्या एकोणीस. आणि शेपटीच्या जागी सगळीकडे नुसती शून्यं.

मी यादी परत वरून खाली वाचली. हे मी दुकानात रोज बघते. भोळीला सेकंद नीट मोजता येत नाहीत. ती जुन्या काळातली, जागा वाचवायला दोन-दोन सेकंदांनी वेळ लिहिते. तिच्या हाती विषम सेकंद टिकतच नाही, अपूर्णांक तर सोडाच. एकदा फाइल तिच्याकडे राहून आली, की पुढे कुठेही न्या, वेळ जपून न्या, ती सम सेकंदच घेऊन फिरते.

भोळीला काठीनेही न शिवणाऱ्या माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या भोळीकडे राहून आल्या होत्या. आणि अठरा वर्षांच्या तिटकाऱ्यामुळे तिची ही खोड त्याला कधी कळलीच नव्हती.

"चहा आणलाय, बेटी."

काका माझ्या खांद्यामागे उभे होते. कप त्यांनी माझ्या उजव्या हाताशी ठेवला, पण नजर पडद्यावर होती. त्या सेकंदांच्या रांगेवरून त्यांचे डोळे हळूहळू खाली गेले. त्यांना त्याचा अर्थ कळत नव्हता; माझ्या चेहऱ्यावरून मात्र कळला. मग ते वळले, आणि दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

७

वायर गळ्याभोवती आली तेव्हा मी अर्धी उठले होते. त्यांच्या हातांत काय जोर होता! डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले, जीभ बाहेर आली. ते कानाशी पुटपुटत होते, त्याच मऊ आवाजात, "झालं, झालं, आता झालं." मी कप चाचपला आणि उकळता चहा डोक्यावरून मागे फेकला.

ते किंचाळले. वायर सैल झाली. पोलिसांची डिस्क लोखंडी डब्यात असते, शेरभर वजनाची. ती मी दोन्ही हातांनी त्यांच्या मनगटावर आणली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. ते गुडघ्यांवर आले. डबा मी परत वर उचलला, डोक्याच्या नेमावर, आणि खरं सांगते, मारणारच होते. दार फोडून हवालदार आत आला नसता तर त्या दिवशी त्या इमारतीत दुसरं डोकं फुटलं असतं.

पंधरा मिनिटांनी खोलीत सगळे होते. काका खुर्चीला बांधलेले, गाल भाजून लाल. मी खरखरत्या घशाने बोलले.

"चिठ्ठ्या तुम्ही घरी बनवल्यात. झटके ठरलेल्या वेळी बसतात, आणि वहीवालीच्या चिठ्ठीत काय लिहायचं हे तुम्हाला आधीच माहीत होतं. लॅपटॉपचं घड्याळ पुढे करून एकोणीस चिठ्ठ्या केल्यात. केंद्रातली कुठलीही वस्तू नको, म्हणून बाजारातून नवा पेन ड्राइव्ह घेतलात. नवा ड्राइव्ह भोळी घेऊनच येतो. खुनानंतर सगळे प्रेताकडे धावले, तेव्हा तुम्ही चिठ्ठ्या साठ्यावर टाकल्यात आणि ड्राइव्ह चिरडलात. वेळा जपणं भागच होतं, त्यांच्यावरच तर तुमचा बचाव उभा होता. हवालदाराला मदत केलीत तीही त्यासाठीच. बाकीच्या नोंदी गेल्या, वेळा राहिल्या."

"सम आकडे योगायोगाने येऊ शकतात," इन्स्पेक्टर म्हणाला.

"नाणं एकोणीस वेळा उडवा आणि एकोणीस वेळा छापा पाडून दाखवा. पाच लाखांत एखाद्याला जमेल. आणि अपूर्णांकांच्या जागी एकोणीस वेळा शून्य? भोळीवाल्या बाईच्या चिठ्ठ्या बघा, एकही तशी नाही. ती सरळ लिहीत होती. सरळ लिहितो असं यांनीच मला सांगितलंय."

"पण का?" हे चष्मिसने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं न समजणं होतं.

"आठ दिवसांत एकही पडल्याची नोंद नाही म्हणून," मी म्हणाले. "श्वासाच्या मशीनमध्ये, आणि म्हणून इथल्या चाचणीतही, स्वस्तातली डिस्क असते. ती लिहायच्या आधीच 'लिहिलं' म्हणून सांगते. वहीवालीचा डिस्कवर विश्वास, त्यामुळे तिची वहीच अर्धी राहते. ती पडायलाच हवी होती. संशयीही पडते, पण पडले म्हणून सांगते तरी. हेडसाहेबांना शंका आली, म्हणून ते स्वतः मोजायला गेले."

काका इतका वेळ जमिनीकडे बघत होते. आता वर पाहिलं. "दोनशे अकरा वेळा पडली," ते म्हणाले. "मी सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, उद्या अकराला मी मोजणार आणि बाराला सगळ्यांसमोर तुमचं नाव घेणार. अठरा वर्षं, बेटी. मला फक्त तो दिवस टळायला हवा होता."

"सहा वेळा मारलंत," इन्स्पेक्टर म्हणाला.

"पहिल्यांदा मारलं आणि मग हात थांबेना."

"आणि माझा भाऊच का?" मी विचारलं. "नोकरी तुम्ही लावलीत ना त्याला? त्याचा पाना, त्याचा कोट. का?"

"त्याच्यावर कुणालाही चटकन विश्वास बसेल म्हणून," काका म्हणाले.

बॉबकट पुढे होऊन त्यांच्या तोंडावर थुंकली. तिला कुणी अडवलं नाही.

८

भावाला सोडलं तेव्हा साडेपाच झाले होते. ऊन अजून होतं. तो ठाण्याच्या पायऱ्या एकेक करून उतरला. उजव्या हाताची तीन बोटं सुजून काळी पडली होती, खालचा ओठ फाटला होता. आयुष्यभर वायरी पिळणारी बोटं ती. मी धावत जाऊन त्याला धरलं आणि ढसाढसा रडले.

"हळू, ताई. बरगडी दुखतेय." मग माझ्या गळ्यावरचा वळ त्याला दिसला. "हे कुणी केलं?"

"काकांनी. ते राहू दे. चल, आधी दवाखान्यात."

स्कूटरपाशी आल्यावर तो थांबला. "मी सही केली होती, ताई. दुपारी एकला."

"काय?"

"मीच मारलं, म्हणून. लिहून दिलं. आता त्यांनी फाडला तो कागद."

"अरे, वेडा आहेस का तू? का केलीस सही? मारलं म्हणून?"

"मार काय, सहन झाला असता. इन्स्पेक्टर आत आला आणि म्हणाला, तुझी बहीण सकाळपासून केंद्रात बसलीय. तिने सगळ्या फाइली बघितल्या. तीही म्हणते, तूच केलंस." तो माझ्याकडे बघत होता. एक डोळा अर्धाच उघडत होता. "मग मला वाटलं, आता कशाला भांडायचं."

मी त्या इन्स्पेक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. भावाने डाव्या हाताने माझा दंड धरला.

"म्हणाली होतीस का?" त्याने विचारलं.

"नाही! देवाशपथ नाही. असं एक अक्षर बोलले नाही मी कुणापाशी."

"वाटलं होतं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण त्याच्या त्या बोटांकडे नजर गेली.

"हो," मी म्हणाले. "सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत."

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता, अंगावर ओरडला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्याने डाव्या हाताने स्कूटरचं मागचं हँडल धरलं आणि कण्हत, सावकाश मागे बसला.

"आईला काय सांगायचं?" मी विचारलं.

"कामावर शिडीवरून पडलो म्हणून सांगू."

"ती विश्वास ठेवेल?"

"मी सांगितल्यावर ठेवेल," तो म्हणाला. "तिचा आहे माझ्यावर."

मी स्कूटर चालू केली.